पान एकतीस

मुंबई
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. फोन सोडून पत्र लिहितेय, म्हणजे काम तुझ्या लाल पेनाचं आहे हे ओळखलं असशीलच. शिवाय रविवारच्या फोनवर बाबा मध्ये बसलेले असतात आणि ही गोष्ट त्यांच्या कानावर जाता कामा नये.

तर ऐक. मी शार्कचा सिनेमा लिहितेय. हसू नकोस. मराठीत, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचा. अनन्या नावाची विमा कंपनीतली मुलगी समुद्रात मासे पाळायचा तरंगता पिंजरा तपासायला जाते. होडीवाला डिझेल आणायला म्हणून परत जातो आणि पिंजऱ्याभोवती शार्क फिरायला लागतो. किनारा समोर दिसतोय, तीनशे मीटरवर. बास, एवढीच गोष्ट.

माझे निर्माते वैजनाथसाहेब यांनी दोन खर्डे परत केले. पहिल्यावर म्हणाले, "भीती वाटत नाही." दुसऱ्यावर म्हणाले, "आता हसू येतं." तिसरा २ फेब्रुवारीला, सोमवारी, त्यांच्यासमोर ठेवायचाय. तो पडला तर गोष्ट दुसऱ्या लेखकाकडे जाणार आणि मी पुण्याला, बाबांच्या नजरेखाली, बँकेच्या परीक्षेच्या क्लासला. बाबांकडून वर्षभराची मुदत मीच मागून घेतली होती, त्यामुळे रडायलाही तोंड नाही.

सोबत पेनड्राइव्ह आहे, त्यात शार्कचे सहा सिनेमे. बघ आणि सांग, यातले काही अंगावर येतात आणि काही आपटतात ते कशामुळे? चौतीस वर्षं तू मुलांचे पेपर तपासलेस. ठोकून दिलेलं उत्तर तुला पहिल्या ओळीत कळतं.

तुझी,
मनवा

*

कोल्हार
२७ नोव्हेंबर २०२५

चि. मनवा,

अनेक आशीर्वाद. बँकेची परीक्षा म्हणजे काही फाशी नव्हे, पण तुझा हिशेब मला माहीत आहे. बँकेच्या काळजीपोटी तुला मदत करते.

सहाही सिनेमे पाहिले, तेही एकटीने नाही. पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी दरवर्षी आपल्या मळ्याशेजारी कोप्या घालून राहते, त्यातली लंकाबाई माझ्या सोबतीला होती. अकरा वर्षं येते आहे. पहाटेपासून ऊस तोडायचा, आणि दुपारी तिचा नवरा बिभीषण टायरगाडी घेऊन फॅक्टरीवर गेला की ही माझ्याकडे टीव्हीपुढे, लसूण सोलत. तिचे हात कधी रिकामे नसतात. त्यावरूनच मला परीक्षा सापडली. सिनेमा खरा असला की लंकाबाईचे हात थांबतात. सहा सिनेमांत ते दोनदा थांबले, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा पडद्यावर शार्क नव्हता. नुसतं पाणी होतं.

आता आपटलेल्या चारांबद्दल. एकात शार्क गुरगुरतो. अगं, माशाला घसा नसतो, तो गुरगुरेल कुठून? एकात शार्कला नायकाच्या बापाचा सूड घ्यायचा आहे. भाऊबंदकी आहे का ती? तिसऱ्यात तो पाचव्या मिनिटाला अख्खा दिसतो आणि पुढे दीड तास रबराचा वाटतो. चौथ्यातली माणसं इतकी बिनडोक, की लंकाबाई शार्कच्या बाजूने झाली. "खा रं बाबा एकदाचं, सुटू दे आमाला," म्हणाली.

तिने मला विचारलं, "बाई, ह्यो प्रवरेत येतो का?" मी म्हटलं, शार्कची एक जात नदीत शिरते खरी, पण कोल्हारला यायचं तर त्याला जायकवाडीची भिंत चढून यावं लागेल. तिचं समाधान झालं. बाकी वर्गाचं कधी इतक्या पटकन झालं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या या नायिका बसून का राहतात? तास तास नुसत्या बसतात, शून्यात बघतात. ओरडावं, काही फेकून मारावं, डोकं चालवावं! मी असते तर दहा मिनिटांत सुटले असते. तुझी अनन्या तशी नको.

तुझ्या बापाचं, नारायणचं, तुणतुणं चालूच आहे, "ताई, मळ्यात एकटी राहू नकोस, पुण्याला ये." मी दर रविवारी हो हो म्हणते आणि फोन ठेवते.

तुझी आत्या,
विजया

*

मुंबई
८ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

लंकाबाईंच्या हातांना माझा नमस्कार सांग. मी ते वाक्य टेबलासमोर भिंतीवर चिकटवलंय.

तिसरा खर्डा सोबत पाठवतेय. मोठ्या टायपात छापलाय, डोळे ताणू नकोस. शार्कचं गुरगुरणं बंद. सूडही काढला. पण अनन्या अजून बसते गं. तिला उठवायचा खूप प्रयत्न केला, पण ती उठली की मलाच खोटं वाटायला लागतं. बसली की तुला मूर्ख वाटते. आता तूच ठरव. एकूण नव्वद पानं आहेत, एकही सोडू नकोस आणि दयामाया दाखवू नकोस. माझ्याकडे आणखी एकच फेरी उरली आहे.

तुझी,
मनवा

*

कोल्हार
२९ डिसेंबर २०२५

चि. मनवा,

आशीर्वाद. उशीर झाला. जरा सर्दी होती.

खर्डा तपासून परत पाठवते आहे. चांगला आहे. अनन्या बसते ते बरोबर आहे, तिला उठवू नकोस. बाकी सगळं समासात लिहिलं आहे.

दुधाचं नवीन पातेलं घेतलं. जुनं गेलं.

तुझी आत्या,
विजया

*

मुंबई
३ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

खर्डा मिळाला. चार वेळा समास वाचले आणि मग तुझ्यावर रागावून बसले. कारण सांगते.

पान सात: "मूर्ख." पान बारा: "ओरडत का नाही ही?" पान एकोणीस: "ऊठ आणि काहीतरी कर." पान अठ्ठावीस: "शिक्षण फुकट गेलं हिचं." ही माझी आत्या. हिला मी ओळखते.

आणि पान एकतीसपासून कोण लिहितंय? अक्षर वेडंवाकडं, ओळी घसरलेल्या. "बरोबर." "असंच होतं." पान एक्केचाळीस: "हिला घरचं काहीतरी आठवू दे. मोठं नको. गॅसवर दूध ठेवलंय, असं." पान शेहेचाळीस: "मुंग्या." नुसतं मुंग्या! समुद्रात मुंग्या कुठून आल्या? पान बावन्न: "किनाऱ्यावर कोणीतरी उभं पाहिजे. काही करायला नको. नुसतं उभं." पान साठनंतर तर सगळं कोरं.

आत्या, खरं सांग. एकतिसाव्या पानावर तुला कळलं ना, की हे काही जमत नाही? पोरगी आधीच लटकलीय, हिला आणखी कशाला दुखवा, म्हणून गोड गोड लिहीत गेलीस. नापास होणाऱ्या मुलाच्या पेपरवर तू शेवटी "प्रयत्न चांगला" लिहायचीस, मला माहीत आहे. बाबांनाही तू तसंच हो हो म्हणतेस.

मी क्लासचा फॉर्म डाउनलोड करून ठेवलाय. भरला नाही अजून.

मनवा

*

कोल्हार
९ जानेवारी २०२६

मनवाताई,

नमस्कार. तुम्ही मला ओळखत नाही. मी जया, लंकाबाईंची मुलगी. पाथर्डीला कॉलेजला आहे, सध्या सुट्टीत टोळीवर आले आहे. आई सांगतेय तसं लिहिते.

"ताई, तुमी बाईंवर रुसू नका. तुमचं पत्र आल्यापसून बाई गप हायेत, जेवत न्हाईत नीट. त्यांनी तुमची गोष्ट लई मन लावून वाचली. मन लावून वाचली म्हनूनच वाघराच्या तोंडात गेल्या.

"गेल्या म्हैन्यात आमाला उसात बिबट्याची दोन पिल्लं घावली. मांजरीएवढी. फॉरेस्टवाले आले, म्हनले, पिल्लं कॅरेटमधी घाला, हाय त्याच जागी ठिवा आन् समदी शेताबाहेर व्हा. आई येऊन नेती. आमी कोयते घिऊन पाटाच्या कडंला येऊन उभं ऱ्हायलो. तर बाई बांधावरनं कागद वाचत वाचत सरळ आत. त्यांना पायी फिरत मोठ्यानं वाचायची सवय. आमी वरडलो. बाईंनी वर बघितलंच न्हाई, नुसता हात केला आन् म्हनल्या, 'आले, आले, चहा ठेवा.'

"मंग वाघरू दिसलं, पिल्लांची आई. बैल सोडलेली आमची टायरगाडी अर्धी भरून उभी हुती, बाई त्या उसावर चढल्या. कशा चढल्या ते इचारू नका. एरवी दोन पायऱ्या चढायला गुडघं धरत्यात. वाघरू कॅरेटापाशी यायचं, परत उसात जायचं, परत यायचं. फॉरेस्टवाले म्हनले, कुनी जवळ जायचं न्हाई, वरडायचं न्हाई, आई बिथरंल. मंग मी काय करनार? मी पाटावर उभी ऱ्हायले, बाईंना दिसंल अशी. सवातीनपसून दिवस मावळंस्तोवर. दिवस मावळताना वाघरानं एकेक पिल्लू उचलून नेलं, मंग बाईंना खाली घेतलं. खाली उतरल्यावर पहिलं काय म्हनल्या? 'माझं दूध करपलं असेल.'"

एवढंच आईचं. बाईंनी हे कुणाला न सांगायची शपथ घातली आहे. पण शपथ आईने घेतली आहे, मी घेतलेली नाही. म्हणून हे पत्र माझं समजावं.

आपली,
जया बिभीषण

*

कोल्हार
१२ जानेवारी २०२६

चि. मनवा,

जयाने पत्र टाकलं आणि मग मला सांगितलं. हुशार मुलगी आहे, तुझ्यापेक्षा तीच बँकेत शोभेल.

आता लपवण्यात अर्थ नाही. लिहायला लाज वाटत होती म्हणून गप्प बसले, आणि तुला वाटलं मी तुझी कीव करते. कीव कसली? आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, अशी माझी गत झाली. दहा मिनिटांत सुटले असते म्हणाले होते ना? अडीच तास बसून होते. जागची हलले नाही. ओरडलेही नाही. का, खरं सांगू? गाव गोळा होईल, कुणीतरी फोटो काढील, तो नारायणच्या मोबाईलवर जाईल आणि माझी रवानगी पुण्याला होईल म्हणून. बिबट्यापेक्षा मला तुझ्या बापाची भीती जास्त वाटली! असलं तू लिहिलं असतंस तर मी "अशक्य" असा शेरा मारला असता.

पान तीस वाचत होते. एकतिसावं मी उसावर बसून वाचलं. हातात पेन होतंच, आणि हाताला काही काम हवं होतं. म्हणून शेरे लिहीत गेले. मुंग्या उसाला होत्या. दूध गॅसवर मंद ठेवलेलं होतं. पुढ्यात बिबट्याची मादी आणि माझ्या डोक्यात पातेलं, हे कुणाला सांगून पटेल? मध्ये तर चक्क कंटाळा आला. जांभई आली, मनवा. तिलाही आली.

आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. हे नीट लक्षात ठेव. ती माझ्यासाठी आलीच नव्हती. तिला तिची पोरं न्यायची होती आणि मी तिच्या वाटेत येऊन बसले होते. आपटलेल्या सिनेमांत तो मासा सारखा माणसांच्या मागे असतो, जणू त्याला दुसरा उद्योगच नाही. तिथेच भीती संपते. ज्याला आपलं काही पडलेलं नाही, त्याच्यापुढे बसणं फार अवघड.

बावन्नावं पान. तुझा किनारा रिकामा होता आणि ते मला सहन झालं नाही. पाटावर लंकाबाई उभी होती. साडीवर बिभीषणचा पांढरा शर्ट घातलेला, तोडणीला बायका घालतात तसा. शंभरेक पावलांवर. ती काही करू शकत नव्हती हे तिला माहीत होतं आणि मलाही. पण ती उभी होती. एकदा ती खाली वाकली आणि उसाच्या पाचटाआड दिसेनाशी झाली. तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. चपलेतला काटा काढत होती. पुन्हा उभी राहिली.

साठाव्या पानानंतर अंधारून आलं, अक्षर दिसेना. म्हणून कोरं.

तो फॉर्म फाडून टाक. मी कधीही कुणाला फुकट मार्क दिलेले नाहीत.

तुझी आत्या,
विजया

*

मुंबई
२१ जानेवारी २०२६

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचताना आधी रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. खोलीतली मैत्रीण घाबरून पाणी घेऊन आली. मला न सांगता अडीच तास बिबट्यापुढे बसलीस! भेटलीस की भांडणार आहे.

फॉर्म फाडला. पाच दिवस घराबाहेर पडले नाही. शार्क आता पान चाळीसपर्यंत दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा माशांच्या पिंजऱ्यामागे लागलेला असतो, अनन्याच्या नाही. ती मध्ये आलीय एवढंच. तिला आपण घरून निघताना खिडकी उघडी ठेवली, पाऊस आला तर गादी भिजेल, ही काळजी लागलीय. आणि किनाऱ्यावर एक कोळीण उभी आहे. मासे वाळवायला आलेली. तिला पोहत जाता येत नाही, होडी नाही, मोबाईलला रेंज नाही. तिने वाटेवरच्या मुलीला गावात पिटाळलंय आणि स्वतः उभी आहे. सिनेमाभर.

अडचण अशी, की वैजनाथसाहेबांच्या ऑफिसात आसाराम म्हणून त्यांचे वाचक आहेत, आधी ते वाचतात. त्यांचा फोन आला. "ती बाई काढा. तिचं काम काय? ती काहीच करत नाही. त्या जागी शार्क दाखवा, पाचव्या पानावर. साहेबांना शार्क लागतो." दोन तारखेला साहेबांसमोर बसायचंय, त्याआधी बदल करून आणा म्हणाले. नाही केले तर काय होईल हे तेही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आत्या, तिला काढू का? माझी हिंमत होत नाही, ठेवायचीही आणि काढायचीही. नवा खर्डा पाठवतेय. या वेळी लाल पेन नको. लंकाबाईंचे हात बघ.

तुझी,
मनवा

*

कोल्हार
२८ जानेवारी २०२६

चि. मनवा,

काल दुपारी अंगणात बसून अख्खा वाचून दाखवला. लंकाबाईसमोर सूप होतं, सुपात लसूण. मी मुद्दाम तिला सांगितलं नाही की मी हात बघणार आहे.

होडीवाला गेला तरी लसूण चालू. पाणी हललं तरी चालू. मी आवाज चढवला. मग कोळीण आली. तिने डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे बघितलं, आणि मी पान उलटताना सहज वर पाहिलं. लसणाची कुडी बोटांत तशीच होती. शार्क यायला अजून पंधरा पानं होती.

मी वाचायची थांबले तर ओरडली माझ्यावर. "वाचा की वो! त्या बाईला पाय दुखत असतील."

संपल्यावर म्हणाली, "तवा माजं पाय लई दुखत हुतं बाई. तुमाला सांगितलं न्हाई." मला तिचे पाय इतक्या दिवसांत एकदाही आठवले नव्हते. उठून तेल गरम करून आणलं. ती लावू देईना, मी ऐकलं नाही.

त्या आसारामना सांग, ती बाई काम करते. काय करते ते त्यांना समजावता येत नसेल तर समजावू नकोस. काढू नकोस. बँकेत जावं लागलं तरी चालेल, पण तिला किनाऱ्यावरून हलवू नकोस.

जयाची सुट्टी संपली. ती गेली. सुपातला लसूण शेवटी मी सोलला.

तुझी आत्या,
विजया

*

मुंबई
३ फेब्रुवारी २०२६

प्रिय आत्या,

काहीही न बदलता गेले. आसारामांनी साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं की ही ऐकत नाही. साहेब म्हणाले, "ठेवा इथे, मी आत्ताच वाचतो. तुम्ही बसा." शिपायाने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि मी समोर बसले. नुसती बसले! काही फेकून मारलं नाही.

ते पान उलटत होते आणि मी त्यांच्या कपाकडे बघत होते. दोन घोट घेतले. तिसऱ्याला कप उचलला, तोंडापाशी नेला, आणि तसाच परत बशीत ठेवला. मग त्याच्याकडे बघितलंच नाही. चहावर साय धरली, तिला सुरकुत्या पडल्या. शिपाई कप उचलायला आला, तर त्यांनी मान वर न करता हाताने थांबवलं. मी मनात म्हटलं, लंकाबाई, बघा.

सव्वा तासाने त्यांनी शेवटचं पान खाली ठेवलं. म्हणाले, "शार्क चाळिसाव्या पानावर येतो, हे आसारामला आवडलेलं नाही." त्यांनी पानं सारखी केली. "मला तोवर त्याची आठवण झाली नाही." मग करार पुढे सरकवला. जूनमध्ये शूटिंग धरलं होतं, मी म्हटलं तेव्हा समुद्र खवळतो, आता ऑक्टोबरमध्ये आहे. बाबांना मी कालच फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, एवढं सगळं सुचलं कुठून? मी म्हटलं, रविवारी आत्याला विचारा. तेव्हा तयारीत राहा. पुण्याला ये म्हणाले तर सांग, की किनाऱ्यावर माणूस आहे.

सही करताना साहेबांनी पुन्हा पानं चाळली आणि म्हणाले, "सगळ्यांना नावं आहेत. होडीवाल्यालासुद्धा आहे. या बाईला का नाही?"

मी म्हटलं, आहे, लिहायचं राहिलं होतं. आणि त्यांच्याच पेनाने जिथे जिथे "किनाऱ्यावरची बाई" होतं तिथे तिथे खोडून लिहिलं, लंका. एकंदर एकोणसाठ वेळा. त्यांचा नवा चहा आला तरी माझं लिहून झालं नव्हतं.

हे पत्र तिला वाचून दाखव. लसूण सोलत असेल तेव्हा.

तुझी,
मनवा